बाजारपेठेची सुरक्षितता : कोणाची आणि कोणापासून?

गेल्या काही वर्षांत गावोगावच्या बाजारपेठांतून एक विषय वारंवार चर्चेला येऊ लागला आहे. तो म्हणजे बाजारपेठेची सुरक्षितता. महानगरपालिकेपासून ग्रामपंचायतीपर्यंत कोठेही जा, बैठकीचे रूप ठरलेले असते. अध्यक्षस्थानी नगराध्यक्ष किंवा सरपंच, शेजारी पोलीस अधिकारी, समोर व्यापारी संघाचे पदाधिकारी, दोन-चार प्रतिष्ठित नागरिक आणि वार्ताहर. मागण्याही ठरलेल्या असतात. चौकाचौकांत सीसीटीव्ही कॅमेरे लावा, रात्रीची गस्त वाढवा, रस्त्याकडेचे विक्रेते हटवा, बाहेरून येणाऱ्या फिरस्त्यांची नोंद ठेवा. चहा होतो, ठराव होतो, दुसऱ्या दिवशी बातमी येते.

यातली प्रत्येक मागणी चुकीची आहे असे मला म्हणायचे नाही. दुकान फोडले गेले तर दुकानदाराचे नुकसान खरेच होते. अंधाऱ्या रस्त्याने एकट्या बाईला घरी जाताना भीती खरीच वाटते. माझा आक्षेप वेगळा आहे. या चर्चेत बाजारपेठ म्हणजे दुकाने आणि सुरक्षितता म्हणजे दुकानांतील मालाची राखण, असे गृहीत धरलेले असते. त्याच बाजारात जमिनीवर माल मांडून बसणारी, ओझे वाहणारी, गटार उपसणारी, खेळ करून पोट भरणारी माणसे बैठकीला नसतात. ज्यांच्यापासून बाजाराचे रक्षण करायचे त्यांच्या यादीत मात्र ती असतात. म्हणून सुरक्षिततेचा विचार करताना दलित कार्यकर्त्याने पहिला प्रश्न विचारला पाहिजे तो हा, की सुरक्षितता कोणाची आणि कोणापासून?

१

मी हे फोंडाघाटच्या संदर्भात लिहितो आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कणकवली तालुक्यातले हे सह्याद्रीच्या पायथ्याचे गाव. देवगडकडून येणारा रस्ता येथून घाट चढून दाजीपूर, राधानगरीमार्गे निपाणीकडे जातो. कोकण आणि देश यांना जोडणाऱ्या या वाटेमुळेच येथे पेठ वसली. वरून धान्य, गूळ, मिरची, भाजी उतरायची. खालून मीठ, सुके मासे, नारळ, आंबा चढायचा. घाटपायथ्याच्या अशा पेठेत परका माणूस हा अपवाद नसतो. गाडीवान, हमाल, फेरीवाला, घाटावरून आलेला भाजीवाला, गावोगाव फिरणारा कलावंत यांच्यावाचून पेठ ही पेठ राहतच नाही. जिचा जन्मच परक्या माणसाच्या येण्याजाण्यातून झाला, त्या पेठेने परक्या माणसाकडे धोका म्हणून पाहावे, ही विसंगती आहे.

माझे वडील या पेठेत सुपे, रोवळ्या आणि टोपल्या घेऊन बसत. दक्षिण कोकणात बांबूकाम हे महार समाजातील अनेक कुटुंबांचे पोटाचे साधन होते, तसे ते आमचेही होते. मी सात-आठ वर्षांचा असताना एका दुकानातील पैशांची पिशवी दिसेनाशी झाली. दुकानात गिऱ्हाईक होते, नोकर होते, शेजारचे दुकानदार होते. पण आधी झडती झाली ती जमिनीवर बसलेल्यांची. वडिलांचे पोते उलटे करण्यात आले. नव्या सुपांवरून माणसे चालत गेली. पिशवी नंतर त्याच दुकानाच्या वखारीत सापडली. मोडलेल्या सुपांची भरपाई कोणी दिली नाही आणि वडिलांनी ती मागितलीही नाही.

त्या दिवसापासून वडील पोत्याचे तोंड उघडे ठेवून बसू लागले. मी कारण विचारले तेव्हा म्हणाले, "पोतां आधीच सोडून ठेवलेलां बरां. मागल्यार सोडलां तर चोर म्हणतत." एका गरीब माणसाने स्वतःच्या सुरक्षिततेसाठी केलेली ही योजना होती. तिच्यावर कोठे बैठक झाली नाही.

मी घरातला पहिला पदवीधर. आज महाविद्यालयात शिकवतो, म्हणून माझे पोते कोणी उघडत नाही. काही वर्षांपूर्वी एका गावी सुरक्षिततेच्या बैठकीला मला 'सर' म्हणून बोलावण्यात आले होते. भंगारवाले, चादरी विकणारे, रस्त्याकडेचे भाजीवाले यांच्याविषयी तासभर बोलणे झाले. त्यांच्यापैकी एखाद्याला बोलावले आहे काय, असे मी विचारले. एका सद्गृहस्थांनी शांतपणे उत्तर दिले, "सर, बैठक त्यांच्याबद्दलच आहे. त्यांना कशाला बोलवायचे?" त्यांच्या बोलण्यात द्वेष नव्हता. ती सवय होती, आणि द्वेषापेक्षा सवय मोडणे अवघड असते.

२

नगराचे कारभारी सार्वजनिक जागा आणि सार्वजनिक शांतता यांचा विचार कसा करतात, याचे आपल्याला सर्वांत जवळचे उदाहरण कोकणातच आहे. ते महाडचे. चवदार तळ्याचा सत्याग्रह आपण पाण्याच्या हक्काचा लढा म्हणून सांगतो आणि ते योग्यच आहे. पण नगरकारभाराच्या अंगानेही तो पुन्हा वाचला पाहिजे.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळाने सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत केला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव होता. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली त्याला अनुसरून तळे खुले केले. सुरबानाना टिपणीसांसारखी सुधारक माणसे त्या गावात होती म्हणून हे घडले. पण ठराव कागदावरच राहिला. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला परिषद भरली आणि २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे शिस्तीने तळ्यावर गेली व पाणी प्याली.

पुढे जे घडले ते बाजारपेठेच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी अफवा गावात उठली. जमाव लाठ्याकाठ्या घेऊन परिषदेच्या मंडपात घुसला. परतण्यापूर्वी जेवायला बसलेल्या माणसांना मारहाण झाली, अन्न मातीत मिसळले. दोघा-तिघांच्या गटाने रस्त्यातून जाणाऱ्यांना गाठून मारण्यात आले. काहींना मुसलमान कुटुंबांनी घरात आसरा दिला. संख्येने आणि ताकदीने उलट उत्तर देणे परिषदेला आलेल्यांना शक्य होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. म्हणजे त्या दिवशी महाडच्या पेठेत कायदा आणि शांतता पाळली ती मार खाणाऱ्यांनी.

मग नगरपालिकेने काय केले? ४ ऑगस्ट १९२७ रोजी तिने तळे खुले करण्याचा आपला ठरावच मागे घेतला. बोले ठरावाला त्याच दिवशी बरोबर चार वर्षे पूर्ण होत होती. दंगल केली एकांनी आणि हक्क गेला दुसऱ्यांचा. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला तेव्हा तळे खाजगी आहे असा दावा लावून १४ डिसेंबर १९२७ रोजी तात्पुरता मनाईहुकूम मिळवण्यात आला. तळे सार्वजनिक आहे यावर उच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब होण्यास १७ मार्च १९३७ चा दिवस उजाडावा लागला.

या इतिहासातून एक सूत्र निघते. दलित माणूस सार्वजनिक जागेत आला की त्याचे येणे हेच अशांततेचे कारण मानले जाते. मग त्याला हटवणे हा शांततेचा उपाय ठरतो. दगड कोणाच्या हातात होता हा प्रश्न मागे पडतो.

३

ही जुनी गोष्ट झाली, आता काळ बदलला, असे कोणी म्हणेल. त्यांनी १ जुलै २०१८ चा दिवस आठवावा. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे रविवारचा आठवडे बाजार भरला होता. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा भागातून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तेथे भिक्षा मागत फिरत होते. मुले पळवणारी टोळी आली आहे, अशा अफवा त्या दिवसांत मोबाईलवरून पसरत होत्या. त्या संशयावरून जमावाने या पाच जणांना धरले, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेले आणि ठार मारले.

या घटनेकडे आपण नीट पाहिले पाहिजे. जागा आठवडे बाजाराची. वेळ दिवसाची. आजूबाजूला शेकडो माणसे. सुरक्षिततेच्या बैठकांत जे जे मागितले जाते, म्हणजे उजेड, वर्दळ, लोकांचे लक्ष, ते सर्व तेथे होते. आणि मृत्यू झाला तो गावाच्या कारभाराच्या वास्तूत. अनोळखी माणसावर नजर ठेवा ही शिकवण गावाने नको इतकी पाळली होती.

आणखी एक कटू गोष्ट लपवून चालणार नाही. राईनपाडा हा आदिवासीबहुल भाग आहे. तेथील जमाव काही पेठेतल्या सावकारांचा नव्हता. गरिबांनी त्यांच्याहून निराधार असलेल्यांना मारले. भटक्याच्या अंगाला चिकटवलेला गुन्हेगारीचा शिक्का व्यवस्थेच्या वरच्या थरात तयार झाला, पण तो आता सर्वांच्या डोळ्यांत उतरला आहे. आपल्या वस्तीतल्या माणसांच्या डोळ्यांतही तो आहे काय, हे कार्यकर्त्याने तपासले पाहिजे. महाडला मंदिरप्रवेशाची अफवा होती, राईनपाड्याला मुले पळवण्याची. ९१ वर्षांत अफवेचा विषय बदलला. ती कोणावर विश्वासार्ह वाटते, हे फारसे बदलले नाही.

४

हा शिक्का आला कोठून? त्यासाठी कायद्याकडे वळावे लागते. सार्वजनिक जागेसंबंधी आपल्याकडे कायद्यांचे दोन प्रवाह आहेत आणि त्यांचा उलगडा चळवळीतल्या प्रत्येकाला असायला हवा.

पहिला प्रवाह संशयाचा. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि जन्मानेच माणूस गुन्हेगार ठरवला. हा कायदा १९५२ साली रद्द झाला. पण सराईत गुन्हेगारांविषयीच्या कायद्यांतून त्याची सावली उरली. १९५९ च्या मुंबई भीकप्रतिबंधक कायद्यात तर गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करून दाखवणे किंवा एखादी वस्तू विकायला पुढे करणे, या निमित्ताने सार्वजनिक जागी दान मागणे हीसुद्धा भीकच ठरते. या व्याख्येत वासुदेव, पोतराज, डोंबारी, सगळेच सापडतात. पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षे संस्थेत डांबण्याची त्यात तरतूद आहे. हा कायदा दिल्लीलाही लावलेला होता. तेथील उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये दिल्लीपुरती त्यातील मुख्य कलमे घटनाबाह्य ठरवली. १९५१ च्या पोलीस कायद्यातील तडीपारीची तरतूदही याच प्रवाहातली. तडीपारी हा असाधारण उपाय आहे, तो जपूनच वापरला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने जालन्यातील एका प्रकरणात जानेवारी २०२२ मध्ये बजावले.

दुसरा प्रवाह हक्काचा. संविधानाच्या अनुच्छेद १५(२) ने दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तळी, रस्ते यांच्या वापरात जातीवरून आडकाठी करण्यास बंदी केली. या शब्दांमागे महाड आहे हे सांगायला नको. १९५५ चा नागरी हक्क संरक्षणाचा कायदा आणि १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा त्याच वाटेवरचे. अत्याचार प्रतिबंधक कायदा २०१५ साली दुरुस्त झाला आणि २६ जानेवारी २०१६ पासून ती दुरुस्ती लागू आहे. दलित-आदिवासीला दुकानात शिरण्यापासून किंवा धंदा करण्यापासून अडवणे हा तिच्यामुळे स्पष्ट गुन्हा झाला. १९९५ च्या नियमांप्रमाणे अत्याचाराची शक्यता असलेली ठिकाणे आधीच शोधणे हे शासनाचे काम आहे आणि जिल्हा दक्षता समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा झाली पाहिजे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातील जातिभेदाविषयी निकाल देताना विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानीने अटक होऊ नये याकडे पोलिसांचे लक्ष वेधले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जात, जन्मस्थान, भाषा अशा कारणांवरून जमावाने केलेल्या खुनाला वेगळे कलम आले. राईनपाड्याला त्याच दिवशी सहा वर्षे पूर्ण झाली होती.

पहिल्या प्रवाहातले कायदे अमलात आणायला ठाण्यातला शिपाई पुरतो. दुसऱ्या प्रवाहातले अमलात आणायला मोर्चा काढावा लागतो. बाजारपेठेच्या बैठकीत पहिल्याच प्रवाहाची भाषा बोलली जाते. दुसरा प्रवाह तेथे नेणे हे आपले काम आहे.

५

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत शहराच्या मध्यवर्ती पेठेच्या सुरक्षिततेवर फार चर्चा झाली. १९६१ साली जेन जेकब्स या लेखिकेने मांडले की रस्ता पोलिसांपेक्षा रस्त्यावरच्या माणसांच्या डोळ्यांमुळे सुरक्षित राहतो. दुकानदार, विक्रेते, ये-जा करणारे यांचे सहज लक्ष हाच खरा पहारा. याच्या उलट दिशेने १९८२ साली 'फुटक्या काचे'चा सिद्धान्त पुढे आला. किरकोळ बेशिस्त खपवून घेतली तर मोठे गुन्हे वाढतात, असे त्याचे म्हणणे. त्या विचाराच्या छायेत न्यूयॉर्कच्या पोलिसांनी रस्त्यात थांबवून झडती घेण्याचा सपाटा लावला. एकट्या २०११ साली सुमारे ६ लाख ८५ हजार वेळा माणसे थांबवली गेली. त्यांत कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मिळून ८० टक्क्यांहून अधिक होते, आणि दहांपैकी जवळजवळ नऊ जणांवर काहीच कारवाई करण्याजोगे सापडले नाही. ऑगस्ट २०१३ मध्ये न्यायालयाने ही पद्धत घटनाविरोधी ठरवली. पुढे झडत्या झपाट्याने कमी झाल्या. पण गुन्हे वाढतील हे भाकीत खरे ठरले नाही.

माझ्या वडिलांचे पोते आणि न्यूयॉर्कच्या तरुणाचा खिसा यांत तत्त्वतः फरक नाही. जेकब्सबाईंचा विचार मला पटतो, पण तो आपल्याकडे जसाच्या तसा चालणार नाही. आपल्याकडे रस्त्यावरच्या डोळ्यांनाही जात आहे. तेव्हा डोळे किती आहेत एवढेच पाहून भागत नाही, ते कोणाकडे कसे पाहतात हेही पाहावे लागते.

६

मग करायचे काय? केवळ टीका करून बैठकीतून उठून जाणे सोपे आहे, पण त्याने आपल्या माणसाचे पोते सुरक्षित होत नाही. फोंडाघाटसारख्या गावात ग्रामसभा हे आपल्या हातातले साधन आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या सभांना आपण गेलो पाहिजे आणि पुढील गोष्टी ठरावाच्या रूपाने मांडल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट बैठकीच्या रचनेची. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने शहरांतील विक्रेता समितीवर किमान ४० टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडलेले असावेत आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, असे ठरवले. हा कायदा नगरपंचायतीला लागू आहे, ग्रामपंचायतीला नाही. पण त्याचे तत्त्व स्वीकारायला ग्रामसभेला कोणाची मनाई नाही. बाजाराविषयीच्या समितीत जमिनीवर बसणारे, हमाल, सफाई कामगार, मासळी विकणाऱ्या स्त्रिया असल्याच पाहिजेत.

दुसरी गोष्ट, धोका कशाला म्हणायचे ते ठरवण्याची. घाटाच्या रस्त्याची जड वाहने पेठेतून धावतात तेव्हा पहिला धोका रस्त्याकडेला बसलेल्या बाईला असतो. बाजारात दिवसभर बसणाऱ्या स्त्रीला स्वच्छतागृह नसणे हा सुरक्षिततेचाच प्रश्न आहे. तिची शेवटची एसटी चुकू नये, हाही. पेठेतला दिवा जेथे संपतो तेथून वाडीकडे जाणारी वाट सुरू होते. दिव्यांची मागणी त्या वाटेसाठी आधी केली पाहिजे. या कामांना कॅमेऱ्यांइतकाच पैसा लागतो आणि त्यांत कोणी संशयित ठरत नाही.

तिसरी गोष्ट कॅमेऱ्यांची. कॅमेरे लावायचे तर त्यातले चित्रण कोण पाहणार, किती दिवस ठेवणार आणि ज्याच्यावर आळ आला त्याला ते मिळणार काय, हे ठरावात लिहून घ्यावे. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावण्याचा आणि चित्रण निदान एक वर्ष जपण्याचा आदेश दिलेला आहे. बाजारातला कॅमेरा मागणाऱ्यांनी ठाण्यातला कॅमेरा चालू आहे काय, हेही विचारावे.

चौथी गोष्ट फिरस्त्यांच्या नोंदीची. नोंद करायचीच असेल तर तिचा कागद त्या माणसाच्या हातातही द्यावा. या गावात यांना फिरण्याची, विकण्याची, खेळ करण्याची मुभा आहे, असे ग्रामपंचायतीच्या सहीने त्यावर लिहावे. अशी नोंद त्याचे संरक्षण करते. केवळ ठाण्यातल्या वहीत राहिलेली नोंद त्याला फक्त संशयित करते. अफवा उठली तर काय करायचे, कोणाला कळवायचे, हेही आधीच ठरलेले असावे. जुलै २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळींच्या प्रश्नावर प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा जबाबदार अधिकारी नेमण्यास सांगितले आहे. त्या अधिकाऱ्याचा क्रमांक पेठेत फलकावर लावावा. आणि झडती घ्यायचीच वेळ आली तर ती पोलिसांनी कायद्याने घ्यावी. दुकानदारांनी किंवा जमावाने कोणाचे सामान उघडू नये, असा स्पष्ट ठराव असावा.

शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी यात एक काम विशेष करण्याजोगे आहे. आपापल्या गावच्या बाजारात एक दिवस बसावे आणि जमिनीवर बसणाऱ्या प्रत्येकाला विचारावे, की तुम्हाला येथे कशाची भीती वाटते? उत्तरे लिहून काढावीत आणि ती ग्रामसभेपुढे वाचावीत. सुरक्षिततेच्या आराखड्याचा पहिला कागद तो असला पाहिजे.

माझे वडील आता बाजारात बसत नाहीत. प्लास्टिकच्या टोपल्या आल्या आणि सुपांचे गिऱ्हाईक आटले. पण घाटावरून भाजी घेऊन उतरलेला एखादा माणूस आजही पेठेच्या कडेला आपले पोते सोडून बसलेला दिसतो. त्याने ते माल दिसावा म्हणून सोडले आहे की संशय टळावा म्हणून, हे मला सांगता येत नाही. ज्या दिवशी दुसऱ्या कारणाने कोणालाच पोते सोडावे लागणार नाही, त्या दिवशी फोंडाघाटची पेठ सुरक्षित झाली असे मी म्हणेन.